हे धरेल का? कड्यावरची पहिली लीड आणि प्रामाण्याचा प्रश्न



गेल्या वेळी आपण न्याय आणि मीमांसा यांच्यातला प्रामाण्याचा वाद पाहिला. झालेलं ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळतं, असं मीमांसक म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून, म्हणजे पुढच्या अनुभवातून ठरवावं लागतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, की या भांडणाने आमच्या जगण्यात फरक काय पडतो? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ, जिथे हा वाद हाताच्या बोटांपर्यंत येऊन पोचतो. उदाहरण आहे प्रस्तरारोहणाचं. त्यातही एका विशिष्ट क्षणाचं: माणूस आयुष्यात पहिल्यांदा लीड करतो, तो क्षण.

ज्यांनी कधी दोर हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगतो.

कडा चढताना दोन माणसं एका दोराने बांधलेली असतात. मागून चढणाऱ्याला सेकंड म्हणतात. त्याचा दोर वरून येतो, वरचा माणूस तो सतत ओढून घेत असतो. सेकंडचा पाय सुटला तर तो फार तर हातभर खाली येतो आणि दोरावर लोंबकळतो. पुढे चढणारा तो लीडर. त्याचा दोर वरून येत नाही, त्याच्या कमरेपासून खाली जातो. सेकंड खाली उभा राहून तो दोर सोडत असतो, याला बिले देणं म्हणतात. आता प्रश्न असा, की लीडर पडला तर खाली जाणारा दोर त्याला कसा वाचवणार? वाचवतो. पण त्यासाठी वाटेत कुठेतरी तो दोर खडकाला अडकवलेला असावा लागतो. या अडकवण्याच्या जागेला रनर म्हणतात.

रनर दोन तऱ्हेचे. एक, कुणीतरी आधीच खडकात भोक पाडून बोल्ट मारून ठेवलेला असतो. आपण जायचं आणि कॅराबिनर अडकवायचा. आपल्या सह्याद्रीत बऱ्याच सुळक्यांवर हीच पद्धत आहे, आणि त्याला कारणही आहे. आपला बेसॉल्ट पुष्कळ ठिकाणी ठिसूळ आहे. भरवशाच्या भेगा हव्या तिथे मिळत नाहीत. दुसरी तऱ्हा, ज्याला ट्रॅड म्हणजे पारंपरिक आरोहण म्हणतात. तिथे खडकात आधीचं काहीच नसतं. लीडर आपल्या कमरेला लटकवलेलं साहित्य खडकाच्या भेगेत बसवत वर जातो, आणि मागून येणारा सेकंड ते काढत येतो. दोघं वर पोचले की कडा पुन्हा होता तसा.

या साहित्यातली मुख्य वस्तू म्हणजे नट. रंगभूमीवरचा नव्हे, नट-बोल्टातला. आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही, तो खरोखर तिथूनच आलेला आहे. तिथे येतोच, पण आधी एका कड्याकडे जाऊ.

वेल्सच्या उत्तर भागात कूम इदवल नावाची एक दरी आहे. मध्ये तळं, तिन्ही बाजूंनी डोंगर. चार्ल्स डार्विन १८३१ साली इथे भूशास्त्रज्ञ सेजविक यांच्याबरोबर आला होता. दोघांनी तासन्‌तास खडक तपासले, जीवाश्म शोधले. ही सगळी दरी हिमनदीने कोरलेली आहे, तिच्या खुणा पावलोपावली पडलेल्या आहेत. त्या दोघांपैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत. १८४२ साली डार्विन परत आला तेव्हा मात्र त्याला त्या ढळढळीत दिसल्या. दगड तेच होते. मधल्या काळात काय शोधायचं हे कळलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच दरीत इदवल स्लॅब्स नावाचा कातळाचा एक प्रचंड, तिरपा पसारा आहे. त्यावर शेजारीशेजारी तीन मार्ग आहेत: फेथ, होप आणि चॅरिटी. बायबलमधली विश्वास, आशा आणि प्रीती. यातला ‘होप’ हा मार्ग सुमारे १४० मीटरचा आहे, आणि ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांनी आपली पहिली मोठी लीड इथे केलेली आहे. त्याची श्रेणी आहे ‘व्हेरी डिफिकल्ट’. घाबरू नका. ब्रिटिश श्रेणींमध्ये अत्यंत अवघड असं नाव असलेली ही पायरी आज सोप्यातली समजली जाते. वरच्या पायऱ्या नंतर जोडत गेले, आणि नावं तशीच राहिली.

‘होप’ पहिल्यांदा चढला गेला १९१५ साली. नेतृत्व एका बाईंचं होतं, एमिली डॅनियल. ई. एच. यंग या नावाने त्या कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या दोरावर जी मंडळी होती त्यांत एक तरुण होता, आय. ए. रिचर्ड्स. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारले असतील. होय, तेच रिचर्ड्स, ज्यांचे समीक्षेवरचे ग्रंथ आपल्याकडे विद्यापीठांतून वर्षानुवर्षं शिकवले गेले. केंब्रिजला ते तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते आणि जन्मभर गिर्यारोहक राहिले.

आता १९१५ची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. तागासारख्या धाग्याचा दोर, थेट कमरेला बांधलेला. हार्नेस नाही, नट नाही. दोर अडकवायला निसर्गाने दिलेलं एखादं खडकाचं शिंग मिळालं तर मिळालं. म्हणून त्या काळचा नियम एकच होता: लीडरने पडायचं नाही. हा नियम साधा आहे आणि कठोर आहे, पण ज्ञानशास्त्राच्या दृष्टीने त्यात गुंतागुंत नाही. आपण चढू शकतो की नाही, एवढंच स्वतःला विचारायचं.

पुढे गोष्टी बदलल्या. भेगेत आधीच अडकलेल्या धोंड्यामागून दोरीचा फास ओवायची युक्ती निघाली. मग लोक खिशात गोटे घेऊन जाऊ लागले आणि भेगेत स्वतःच अडकवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले. ते ताणले जातात, म्हणून झटका सोसतात. आणि १९५०च्या दशकात स्नोडनवरच्या ‘क्लॉगी’ नावाच्या कड्याकडे डोंगरी रेल्वेच्या कडेने चालत जाणारे आरोहक रुळांजवळ पडलेले लोखंडी नट उचलू लागले. आतले आटे घासून काढायचे, दोरी ओवायची, भेगेत बसवायचा. झाला रनर! १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खास आरोहणासाठी बनवलेले नट बाजारात आले. १९६७ साली रॉयल आणि लिझ रॉबिन्स यांनी अमेरिकेत योसेमिटीला एक मार्ग हातोडी न वापरता, फक्त नट बसवून चढला आणि त्याचं नावच ठेवलं ‘नटक्रॅकर’. १९७८ मध्ये रे जार्डिन यांचे ‘फ्रेंड’ आले. दाबले की मिटतात, सोडले की भेगेत फाकून बसतात.

या साठ वर्षांत नेमकं काय बदललं? सुरक्षितता वाढली, हे खरंच. पण प्रश्नही बदलला. पूर्वीचा प्रश्न होता, ‘मी पडेन का?’ त्याच्या जोडीला आता दुसरा आला: ‘मी पडलो, तर हे धरेल का?’ पहिला प्रश्न स्वतःविषयी आहे. दुसरा जगाविषयी आहे, आणि प्रामाण्याचा प्रश्न तिथे उभा राहतो.

बघा. मी एक नट भेगेत बसवला. मला ज्ञान झालं: हा पक्का आहे. हे ज्ञान खरं कशावरून? नैयायिक म्हणणार, त्यानुसार कृती करा, कृती सफळ झाली की ज्ञान खरं. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे पाण्याचं ज्ञान खरं होतं. पण इथे कृती कोणती? पडणं! नटाची खरी परीक्षा त्यावर पडण्यानेच होते, आणि ती परीक्षा द्यावी लागू नये यासाठीच तर सगळा खटाटोप. मग मीमांसकाकडे जावं का? पक्का वाटला, शंकेला कारण दिसत नाही, म्हणजे पक्का? दमलेल्या हातांनी, खाली तीस मीटर मोकळी हवा असताना, असं वाटण्यावर किती विसंबायचं?

नैयायिकांना ही अडचण माहीत होती. कारण आपण रोज कितीतरी गोष्टी पडताळा व्हायच्या आधीच करतो, आणि बिनधास्त करतो. वाचस्पती मिश्रांनी याचं उत्तर दिलं आहे. प्रत्येक ज्ञानाचा पडताळा आधी लागतोच असं नाही. ज्या जातीच्या ज्ञानाचा पडताळा पूर्वी पुष्कळदा झालेला आहे, त्याच जातीचं हे ज्ञान आहे, हे ओळखू आलं तर तेवढ्यावरून त्याचं प्रामाण्य अनुमानाने कळतं. याला तज्जातीयत्व म्हणतात. त्याच जातीचं असणं.

मला वाटतं, पहिल्या लीडची तयारी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून ही जात ओळखायला शिकणं आहे. आणि ती कड्यावर शिकायची नसते, जमिनीवर शिकायची असते.

कशी? कड्याच्या पायथ्याशी, छातीच्या उंचीवर, भेगेत नट बसवायचा. त्याला गोफ म्हणजे स्लिंग अडकवायची, डोक्यावर हेल्मेट चढवायचं, तोंड बाजूला करायचं आणि त्या स्लिंगमध्ये पाय देऊन हळूहळू सगळा भार टाकायचा. मग थोडे हिसके. निसटला तर वीतभर खाली उतराल. असं दहा-वीस नव्हे, शेकडो वेळा. यात पडताळा खरोखर होतो. चुकीचा नट बाहेर येतो, बरोबरचा आणखी घट्ट बसतो. दुसरी शाळा म्हणजे अनुभवी लीडरच्या मागे सेकंड म्हणून पुष्कळ चढणं. त्याने बसवलेला एकेक नट तुम्ही हाताने काढता. कुठला सहज आला, कुठल्यासाठी नटचावीने ठोकावं लागलं, हे बोटांना कळत जातं.

यातून काही लक्षणं हाताशी येतात. न्यायाच्या भाषेत लिंगं, म्हणजे धुरावरून अग्नी ओळखतो तशा खुणा. पहिलं, खडक स्वतः पक्का आहे का? बोटाच्या पेराने ठोकून पाहायचं. पोकळ आवाज आला तर नट कितीही छान बसो, तो हललेल्या दाराला लावलेली कडी आहे. दुसरं, भेग खाली निमुळती होते का? तिसरं, नटाच्या दोन्ही बाजू खडकाला जास्तीत जास्त टेकल्या आहेत का, की एकाच कोपऱ्यावर तो उभा आहे? चौथं, ओढ कुठल्या दिशेने येणार? पडल्यावर ती खाली आणि थोडी बाहेर येते. नट त्या दिशेला धरला पाहिजे. पाचवं, वर चढत गेल्यावर दोर हलेल तेव्हा तो नटाला उचलून बाहेर काढणार नाही ना? त्यासाठी मध्ये पुरेशी लांब स्लिंग लावायची. डार्विनच्या डोळ्यांपुढे १८३१ साली खुणा होत्या, पण त्या खुणा आहेत हेच ठाऊक नव्हतं. नवशिक्याचं तसंच असतं. भेग त्याला दिसते, निमुळतेपणा दिसत नाही.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय ‘कधी बसवायचा’ हे कळत नाही. समजा मी बारा मीटर दोर बाहेर काढलेला आहे आणि शेवटच्या रनरच्या तीन मीटर वर आहे. पडलो तर तीन मीटर रनरपर्यंत आणि तीन त्याच्या खाली, म्हणजे सहा मीटर. शिवाय दोराचा ताण आणि ढिलाई. सहाला बाराने भागा, अर्धा. याला फॉल फॅक्टर म्हणतात. आता दुसरी परिस्थिती. मार्गाचा पहिला टप्पा संपला, मधल्या कट्ट्यावर सेकंड बिले देतोय, आणि मी त्याच्या तीन मीटर वर आहे, एकही रनर न लावता. पडलो तर पुन्हा सहाच मीटर. पण बाहेर दोर आहे फक्त तीन मीटर. सहा भागिले तीन, दोन. त्याच सहा मीटरांचा झटका झेलायला आता दोरच थोडा आहे, आणि तो झटका थेट सेकंडवर आणि त्याच्या अँकरवर येतो. म्हणून कट्टा सोडला की लगेच एक चांगला रनर, मग पुढची चाल कितीही सोपी असो.

आणि ‘सोपं’ या शब्दाबद्दल एक इशारा. सोप्या मार्गावर पडणं सोपं नसतं. उभ्या, अवघड भिंतीवर पडणारा हवेत पडतो. सोप्या मार्गावर कट्टे असतात, पायऱ्या असतात, आणि पडणारा त्यांच्यावर आपटतो. म्हणून पहिली लीड अशा मार्गावर करावी, जो सेकंड म्हणून तुम्ही गप्पा मारत चढू शकता. आपल्या कुवतीच्या दोन-तीन पायऱ्या खालचा. आपली सगळी बुद्धी नटांकडे लागणार आहे, हातापायांसाठी ती उरणार नाही. मार्गदर्शक पुस्तकातली श्रेणी हे शब्दप्रमाण आहे, आणि आप्तवचन म्हणून त्याचा मान ठेवावा. पण ते कोरड्या खडकाविषयी बोलतं. पाऊस पडून गेलेला असेल तर बोलणारा आप्त राहिला, विषय बदलला. ‘होप’वर तर शंभर वर्षांच्या बुटांनी काही जागा गुळगुळीत झालेल्या आहेत.

इथे एक खरी अडचण येते, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी. लीडरला नट पक्का असायला हवा असतो. हात भरून आलेत, पाय थरथरतोय, अशा वेळी नट बसवला की मन म्हणतं, झालं, छान बसलाय, चल पुढे. हे ज्ञान नव्हे, ही इच्छा आहे, ज्ञानाचे कपडे घातलेली. इच्छा हे कुठल्याही दर्शनात प्रमाण मानलेलं नाही! उपाय दोन. एक म्हणजे दमण्याआधी, आरामात उभं राहता येतं तिथेच नट बसवायचा, अवघड चालीच्या मध्यावर नाही. आणि दुसरा म्हणजे प्रत्येक वेळी तीच लक्षणं, त्याच क्रमाने, मनात म्हणत तपासायची, मग नट बघताक्षणी आवडलेला का असेना.

याची उलट बाजूही असते. काहींना शंका सोडत नाही. नट बसवला, काढला, पुन्हा बसवला, हात संपले. अशांसाठी उदयनाचार्यांचा मुद्दा कामाचा आहे. शंकेलाही मर्यादा असते, ते म्हणतात, आणि ती मर्यादा म्हणजे आपलीच कृती. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं यावर शंका घेणारा माणूस धूर हवा असला की अग्नीच पेटवायला जातो. शंकेला कारण दाखवता येत असेल, म्हणजे एक कोपरा टेकलेला नाही, खडक पोकळ वाजतो, तर ती शंका खरी, तिचं ऐका. कारण दाखवता येत नसेल, तर ती भीती आहे. भीतीचा राग धरू नये, पण तिला तपासणीच्या रांगेत उभं करू नये. आणि लक्षणं जुळतच नसतील, तर खाली उतरावं. जितकं चढलो तितकं चढण्याआधीच उतरता येईल का, हे पाहत जावं. एखादा नट मागे सोडून आलं तर पैशाचं नुकसान, बाकी काही नाही.

वर पोचलात. दोन-तीन वेगवेगळ्या, पक्क्या जागा शोधून स्वतःला बांधलंत, एक निसटली तरी बाकीच्या धरतील अशा बेताने. खाली ओरडलात, ‘सेफ!’ मग सेकंड बिले सोडतो, त्याआधी नाही. उरलेला दोर ओढून त्याला बिले दिलात, तो वर आला, हात मिळवले. झाली पहिली लीड.

झाली का? आजचा माझा मुख्य मुद्दा इथे आहे. तुम्ही वर पोचलात, म्हणजे तुमची कृती सफळ झाली. कुठली कृती? चढण्याची. तुम्ही पडला नाहीत, म्हणजे तुमच्या एकाही नटावर भार आला नाही. तेव्हा तुमचे नट पक्के होते, याचा पडताळा झालेलाच नाही. एखाद्याचे दहापैकी सात नट नुसते शोभेला लटकत असतील, तरी तो हसत वर पोचेल. आणि त्याला वाटेल, मला येतं. पुढच्या वेळी तो थोडा अवघड मार्ग घेईल, त्याच हाताने, त्याच सवयीने. असा माणूस दैवाने दिलेल्या सवलतीला अनुभव समजतो, आणि प्रत्येक सफळ चढाईबरोबर त्याचं अज्ञान जास्त पक्कं होत जातं. हे फक्त कड्यावर होतं असं नाही. पूल बांधणारे, औषध देणारे, कर्ज काढणारे, आपण सगळे ‘आजवर काही झालं नाही’ या एका वाक्यावर केवढे इमले उभे करतो ते पाहा.

मग पडताळा कुठून आणायचा? तो दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो. सेकंडने तुमचा प्रत्येक नट हाताने काढलेला आहे. त्याला विचारायचं. पहिला कसा होता? दुसरा? कुठला आपोआप खाली घसरला होता? कुठला मी पोचेपर्यंत दोराने उचललेला होता? पहिल्या लीडसाठी सेकंड जाणता घ्यावा तो यासाठीच. आणि तो स्पष्ट बोलणारा असावा, तुमचं मन राखणारा नको. मग दोघांनी मिळून तेच वाईट नट पायथ्याशी पुन्हा बसवून, पाय देऊन पाहावेत.

प्रामाण्य परतः आहे, ते बाहेरून कळतं, असं नैयायिक म्हणतात तेव्हा ते ‘बाहेर’ म्हणजे कुठे, असं विद्यार्थी मला नेहमी विचारत. एक उत्तर असं देता येईल: कधीकधी ते मागून येणाऱ्या माणसाच्या हातात असतं. त्याला विचारायची तयारी मात्र आपली हवी.

हे व्याख्यान ऐकून कुणी थेट कड्यावर जाऊ नये, हे सांगायला नकोच. आधी जाणकार माणूस शोधा, मग पायथा, मग शेकडो नट. प्रश्न असतील तर घेऊ. पुढच्या वेळी आपण आप्तवचनाकडे येणार आहोत: दुसऱ्याच्या सांगण्यावर कधी विसंबायचं, आणि ते सांगणं तपासायची जबाबदारी कुणाची.